चाळीसातली एकोणीस पोरं

बेसबॉलच्या मैदानावर ताडपत्री ओढली गेली तशी चारशे प्रेक्षकांतली साडेतीनशे माणसं घरी निघाली. लिडिया वोइचिक निघाली नाही. ती छपराखालच्या शेवटच्या रांगेत सरकली, गुडघ्यांवर वही उघडली आणि थंडीनं आखडलेल्या बोटांनी लिहू लागली — 'चौथा डाव. वळणारा चेंडू सुरेख. वेगाचा चेंडू मात्र वर वर जातोय. दमला असेल?'

"दमलेला नाही तो," मागून कुणीतरी म्हणालं. "बोटं बधिर झालीत त्याची. उन्हातलं पोर आहे, एप्रिलमधली या ईरी शहराची थंडी त्याला कुठली सोसायला..."

तिनं मान वळवली. पस्तिशीचा एक माणूस, कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, हातात कागदाची पिशवी. पिशवीतून वाफ येत होती.

"तुम्ही नेहमी दुसऱ्यांच्या वह्या वाचता?"

"अक्षर चांगलं असेल तरच." तो एक रांग खाली उतरला. "कुठल्या क्लबकडून आलात? पोरं हेरायला?"

"छे. मी कानाची यंत्रं विकते. म्हाताऱ्यांच्या कानात बसवून देते." तिनं मैदानाकडे बोट केलं. तिथं वीस वर्षांचा अमाउरी पेन्या खांद्यावर टॉवेल टाकून पावसाकडे बघत उभा होता. "पण तो माझा आहे."

"तुमचा म्हणजे..."

"माझ्या टीममध्ये आहे. कागदावरच्या."

माणसानं टोपी कानांवरून वर सारली. मग अगदी सावकाश म्हणाला, "बाराव्या रस्त्याची पोरं?"

लिडियाच्या हातातलं पेन थांबलं. तिच्या टीमचं हे नाव जगात फक्त बारा माणसांना ठाऊक होतं.

"माझी टीम गोठलेले टोमॅटो," तो म्हणाला आणि वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. "रेमो फराची. घर पश्चिमेला, चर्चच्या मागं."

"गेल्या जुलैत आमची टीम बालवाडीत नोंदवा म्हणून लिहिणारे तुम्हीच ना?"

"पाळणाघरात," तो म्हणाला. "बालवाडीला वय थोडं जास्त लागतं."

तिला राग यायला हवा होता. तिनं ओठ दाबून धरले. तरी हसू बाहेर आलंच. त्यानं पिशवी पुढं केली. आत पेपरोनी भरलेले पावाचे गोळे होते, इतके गरम की तिनं एक गोळा एका हातातून दुसऱ्या हातात झेलत खाल्ला. पाऊस थांबला नाही. सामना रद्द झाला. ती दोघं मात्र झाडूवाला येईपर्यंत तिथंच होती.

त्यांची लीग अशी : बारा मालक, बारा टीम. खेळाडू खरे, मालकी खोटी. खरा खेळाडू खऱ्या मैदानावर जे करील त्याचे गुण कागदावरच्या मालकाला मिळणार. बाकीच्या लीगमध्ये दर वर्षी पाटी पुसतात. यांच्यात एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत तुमचा, दहा-दहा वर्षंसुद्धा. प्रत्येकाला चाळीस जागा. त्यांतल्या किती जागा वरच्या, मोठ्या स्पर्धेच्या मैदानावर अजून पाऊलही न ठेवलेल्या होतकरू पोरांना द्यायच्या, यावर अकरा वर्षं भांडण चालू होतं. रेमो तीन पोरं ठेवायचा आणि पहिला नाहीतर दुसरा यायचा. लिडियाच्या टीममध्ये एकोणीस होती. ती शेवटची यायची.

"एकोणीस का पण?" मोटारींपाशी आल्यावर त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पप्पांना आवडतात," ती म्हणाली. "टीम खरं तर त्यांची आहे. मी नुसती टाइप करते."

*

रविवारी तो घरी आला. येऊ का, असं विचारलं होतं. तिनं नको म्हणायला उशीर केला.

कॅझिमिर वोइचिक स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. चाळीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात लोखंड कापलेले हात टेबलावर उताणे पडले होते. गेल्या वर्षात त्यांनी दोनदा शेगडी चालू ठेवली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांना दर पंधरवड्याला नव्यानं सांगावं लागे, आणि दर वेळी ते नव्यानं रडत. पण रेमोनं खुर्ची ओढून विचारलं, "काका, पेन्याबद्दल काय मत?" — आणि म्हातारा उजळला.

"पेन्या? सतराचा होता तेव्हा घेतला मी. गाव समुद्राकाठी. मनगट बघ त्याचं, मनगट. आणि ओक्लाहोमाचा तो पोरगा, हॅस्केल, गुडघा दुखावलाय, पण मार्चमध्ये पळायला लागला. आणि कुराशिमा..."

एकोणीसच्या एकोणीस. नाव, गाव, वय, कुठला हात, कुठलं दुखणं. मोजताना ते बोटं दुमडत होते, आणि एकही चुकलं नाही. लिडिया ओट्याला टेकून ऐकत होती. रेमोनं मध्येच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव असती तर तिनं त्याला त्याच क्षणी दार दाखवलं असतं. पण कीव नव्हती... मोठ्या कौतुकानं पाहत होता तो.

निरोप देताना कॅझिमिर म्हणाले, "पोरा, एक लक्षात ठेव. दहांतलं एकच वर येतं. कुठलं, ते देवालाही आधी कळत नाही. म्हणून सगळी सांभाळायची."

"आणि तुझं नाव काय म्हणालास?" त्यांनी पुढं विचारलं.

रेमोनं ते तिसऱ्यांदा सांगितलं.

*

मे महिन्यात तळ्याकाठची वाळू अजून थंड असते. लाटांनी घासून गुळगुळीत झालेले काचेचे तुकडे वेचायला लोक येतात. ती दोघं त्यासाठीच आली असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं होतं. तिला एक निळा सापडला. तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि हात काढायला विसरली. काढला तेव्हा दोघंही तळ्याकडे बघू लागली, जणू तिथं काही घडत होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"पुढच्या नाताळपर्यंत मला ओळखतील, नाही ओळखणार... सांगता येत नाही म्हणतात."

तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "तुझी ती पोरं वर यायला चार वर्षं आहेत, लिडिया."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्या वाक्यात म्हणाला असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

"माहीत आहे."

"मग कुणासाठी ठेवतेस? विकून टाक. पाच ठेव, फार तर सहा. बाकीच्यांच्या बदल्यात आजचे खेळाडू घे. तिशी-पस्तिशीचे, गुडघे कुरकुरणारे, पण आज चेंडू मारणारे. याच वर्षी जिंकता येईल. त्यांच्या हातात करंडक दे... अजून त्यांना कळतंय तोवर."

"आणि तू? तू हरशील की मग."

"मी हरायला तयार आहे असं कुठं म्हटलं? झुंजूनच हरेन." तो हसला. "आणि पेन्या मला हवाय. उपकार म्हणून नाही. रोख भावानं."

"लबाड आहेस."

"लबाड असतो तर तू एकोणीस ठेव म्हटलं असतं."

तिनं त्या संध्याकाळी वडिलांना विचारलं. खरंच विचारलं. टीव्ही बंद करून, समोर बसून, त्यांचे हात हातात घेऊन. "पप्पा, पोरं देऊन टाकू? मोठे खेळाडू घेऊ, या वर्षी जिंकू?" कॅझिमिरनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही महत्त्वाचं विचारलं जातंय एवढं त्यांना उमगलं असावं. "तू म्हणशील तसं, बाळ," ते म्हणाले.

ते उत्तर नव्हतं हे तिला तेव्हाही कळलं होतं. पण तिनं ते उत्तर म्हणून घेतलं.

तीन आठवड्यांत सोळा पोरं गेली. हॅस्केल ओहायोतल्या एका दंतवैद्याकडे, कुराशिमा पिट्सबर्गच्या दोघा भावांकडे. पेन्या रेमोकडे गेला. त्यावर त्यांची चार दिवस घासाघीस चालली, फोनवर, दुकानाच्या पायरीवर. एकदा तर ती एका बहिऱ्या आजोबांच्या कानात यंत्र बसवत होती आणि रेमो काचेबाहेर उभा राहून बोटांनी आकडे दाखवत होता.

"नवरा?" आजोबांनी ओरडून विचारलं.

"विरोधक," तीही ओरडून म्हणाली. बाहेर रेमोला ते ऐकू गेलं. तो कानांपर्यंत लाल झाला.

*

तो उन्हाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला उन्हाळा होता. हे तिला पुढं कबूल करणं फार जड गेलं.

रेमो बर्फावर स्केटिंग करायच्या बंदिस्त मैदानाची देखभाल करायचा. जुलैत बाहेर रस्ते तापलेले असताना ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथं जाई, त्याचा जाड कोट अंगावर घेई, आणि कठड्याला टेकून दोघं सँडविच खात आदल्या दिवसाचे गुण वाचत. तिची टीम सातवी आली, चौथी आली, दुसरी आली.

"तुझा तो म्हातारा परवा दोनदा चेंडू बाहेर मारून बसला," तो कुरकुरायचा. "अडतीस वर्षांचा आहे. लाज कशी वाटत नाही."

"जळतोस."

"जळतोच. आणि माझा कोट दे, थंडी वाजतेय."

"ये की मग आत," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. तो जवळ आला. त्याच्या श्वासाची वाफ तिच्या गालावर... बर्फाखाली नळ्यांमधून गारवा फिरवणारं यंत्र कुठंतरी घुमत होतं, आणि तिनं डोळे मिटले.

घरी कॅझिमिर दिवसेंदिवस कमी बोलत होते. संध्याकाळी ती नवे गुण वाचून दाखवी. ते मान डोलावत. 'खूश आहेत', असं ती रेमोला सांगे. तो काही विचारत नसे. तिनं मागाहून कितीदा तरी आठवून पाहिलं : त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं. किंवा तिनं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती जिंकली. रेमो दुसरा आला, फक्त अकरा गुणांनी मागं. अकरा वर्षं मालकामालकांत फिरणारा, बोलिंगच्या स्पर्धेतून कुणीतरी उचलून आणलेला पितळी करंडक त्याच्याच घरी होता. तो दुपारी स्वतः घेऊन आला. पुसून, चकचकीत करून.

तिनं तो वडिलांच्या मांडीवर ठेवला. "पप्पा, आपली टीम जिंकली." शेजारी खेळाडूंची छापील यादी ठेवली. कॅझिमिरनी चष्मा लावला. बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं... शेवटापर्यंत गेलं. परत वर आलं.

"हे कोण लोक?"

"आपले खेळाडू, पप्पा."

"पेन्या कुठाय?"

लिडियानं यादीवर हात ठेवला.

"हॅस्केल? त्याचा गुडघा बरा झाला होता. कुराशिमा?" त्यांनी करंडक बाजूला ठेवला, एखाद्या परक्याची वस्तू ठेवावी तसा, जपून. "लिडिया, माझी पोरं कुठं गेली?"

"पप्पा, मी तुम्हाला विचारलं होतं..."

"घरी आली का ती? जेवली का?"

त्या दिवशी त्यांनी सतत तेच विचारलं. त्यांच्या डोक्यातून सगळं एकेक करून निघून गेलं होतं, बायकोचं मरण, शेगडी, आजचा वार; राहिली होती ती ही एकोणीस नावं. आणि तिनं त्यातली सोळा देऊन टाकली होती.

बुधवारी ती दुकानात असताना ते कोट घालून बाहेर पडले. दोन तासांनी एका पोस्टमनला ते मैदानाच्या बंद फाटकाशी सापडले. हंगाम संपून गेलेला, आत चिटपाखरू नाही. म्हातारा फाटकाच्या सळ्या मुठींनी हलवत होता आणि एकेकाला नावानं हाका मारत होता. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती.

ऑक्टोबरात तिनं त्यांना तळ्याजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. दुसरा मार्ग उरला नव्हता.

रेमो तिच्या दारात आला तेव्हा तिनं त्याला आत घेतलं नाही.

"तू पाच म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"मी तीन ठेवली. तुझ्याहून शहाणी ठरायला गेले."

"लिडिया, चूक माझी..."

"नको. तू चूक म्हणालास की मला तुला माफ करावं लागेल, आणि मग सगळी माझ्या एकटीच्याच वाट्याला राहील. तू येऊ नकोस आता. तुला पाहिलं की मला तो उन्हाळा आठवतो. मी किती हसत होते ते."

तो पायऱ्या उतरून गेला. तिनं पडद्याआडून पाहिलं. मोटारीत बसून तो बराच वेळ तसाच राहिला होता, इंजिन सुरू न करता.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॉलेटचा फोन आला. पॉलेट म्हणजे लीगची सेक्रेटरी, क्लीव्हलंडची निवृत्त ग्रंथपाल. अकरा वर्षांत तिनं कुणाला फोन केला नव्हता.

"बाई गं, त्या टोमॅटोला वेड लागलंय का?"

"का, काय झालं?"

"महिनाभर तो एकेका मालकाच्या मागं लागलाय. चार ठिकाणी तर स्वतः मोटार घेऊन गेला. आपला सगळ्यांत चांगला फटके मारणारा दिला, दोन्ही चांगले चेंडू फेकणारे दिले, आणि बदल्यात पोरं घेतली. तुझी पोरं. हॅस्केल, कुराशिमा, सगळी. चौदा जमवली. एक माणूस ऐकेना, आणि एका पोरानं खेळच सोडला म्हणे. आता ती चौदा तो तुला देतोय, पेन्या धरून. बदल्यात काही नको म्हणतो. त्याच्या टीममध्ये काही उरलं नाही, लिडिया. पाच वर्षं तरी वर येत नाही तो. नियमाप्रमाणे तुझा होकार लागतो. काय लिहू?"

लिडियानं संगणकाच्या पडद्यावरची यादी पाहिली. चौदा नावं. तिच्या वडिलांनी घेतली होती त्याच क्रमानं लावलेली. तो क्रम त्यानं एकदाच ऐकला होता, एप्रिलमधल्या त्या रविवारी.

"हो लिही," ती म्हणाली. मग फोन ठेवला.

तिनं यादी छापून घेतली आणि तशीच आश्रमात गेली. कॅझिमिर खिडकीशी बसले होते. बाहेर तळं काठापासून गोठायला लागलं होतं. ती समोर बसली आणि वाचू लागली. पेन्या, डावखुरा. हॅस्केल, ओक्लाहोमा. कुराशिमा... प्रत्येक नावानंतर ती थांबे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. कॅझिमिर नीट ऐकत होते. पूर्वीपासून सभ्य माणूस.

"छान नावं आहेत," शेवटी ते म्हणाले. "कुणाची मुलं?"

"तुमची."

"नाही हो, बाई. मला एक मुलगी आहे फक्त. कानाचं काहीतरी काम करते ती." त्यांनी जरा पुढं वाकून आवाज खाली आणला. "तुम्हाला भेटली तर सांगाल का तिला? येऊन जा म्हणावं."

"सांगते," लिडिया म्हणाली.

ती स्केटिंगच्या मैदानावर पोचली तेव्हा रेमो त्या मोठ्या यंत्रावर बसून बर्फ गुळगुळीत करत होता. गोल फेऱ्या, एकात एक, मधोमध येईपर्यंत. तिनं कोट काढला नाही, हाकही मारली नाही. कठड्याशी उभी राहिली. त्यानं तिला पाहिलं, पण फेरी अर्धवट सोडली नाही. बहुधा उतरायची भीती वाटत असावी. मग उतरला.

"दिली त्यांना?" त्यानं विचारलं.

"वाचून दाखवली." तिनं मान हलवली. "उशीर झाला, रेमो. त्यांच्या डोक्यातून तीही गेली आता. मीही गेले."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं होतं..."

"मलाही वाटलं होतं."

दोघंही बर्फाकडे बघत राहिली. ताजं पाणी गोठताना त्यातून हलकी वाफ निघत होती. तो काही सांत्वनाचं बोलला नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

"उद्या दोन वाजता मी परत जाणार आहे," ती म्हणाली. "रोजच जाते. त्यांना कळत नाही, तरी. तू... येशील?"

"येईन."

*

दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होतं. रेमोनं नवा शर्ट घातला होता; घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. कॅझिमिरनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पाहुण्यांना बसायला सांगितलं.

"हे कोण?" त्यांनी लिडियाला विचारलं.

"हा रेमो, पप्पा... हा माझा—"

तिला शब्द सापडेना. विरोधक म्हणून चालणार नव्हतं, मित्र म्हणवेना. रेमो बुटांकडे बघत होता. खिडकीला बर्फ लागून घसरत होतं. आणि मग तिला वाटलं, इथं कुणापासून लपवायचं? उद्या या खोलीत कुणाला काही आठवणार नाही.

"माझं याच्यावर प्रेम आहे," ती म्हणाली.

कॅझिमिरनी गंभीरपणे मान डोलावली. "यांना सांगितलंत का तसं?"

"नाही. अजून नाही."

"मग सांगा की. बिचारे उभेच आहेत केव्हाचे."

रेमोनं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, तिचेही. आणि दोघांपैकी कुणीही हसलं नाही. त्यानं खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली आणि बसला. तिनं हात पुढं केला, त्यानं तो घेतला. कॅझिमिर समाधानानं खिडकीबाहेर बघू लागले.

दहा मिनिटांनी ते वळले. "बाई, हे कोण?"

तिनं सांगितलं. पुन्हा त्याच शब्दांत, पण या वेळी न अडखळता. दिवे लागायच्या आधी त्यांनी आणखी एकदा विचारलं, आणि तेव्हाही तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकलं. रेमोनंही.